ओंडक्याखालचा माणूस : ‘द मपेट मूव्ही’च्या पहिल्या गाण्याचा प्रकरण अभ्यास

1979 साली प्रदर्शित झालेल्या ‘द मपेट मूव्ही’ या चित्रपटाची मूळ कथा आकाशातून सुरू होते. कॅमेरा ढगांमधून खाली उतरत जातो, झाडी दिसू लागते, मग झाडांमधले पाणी दिसते आणि त्या पाण्यातल्या एका ओंडक्यावर कर्मिट नावाचा हिरवा बेडूक बँजो वाजवत गात बसलेला दिसतो. चारही बाजूंना पाणी आहे. ज्याच्या आड माणूस लपू शकेल असा पडदा, टेबल किंवा भिंत तिथे कुठेही दिसत नाही. कर्मिट ही हातमोजा बाहुली आहे, म्हणजे तिच्या डोक्यात माणसाचा हात गेल्याखेरीज तिचे तोंड उघडत नाही. तो हात मपेट नावाच्या या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांचा होता आणि हे दृश्य चित्रित होत असताना हेन्सन त्या ओंडक्याच्या खाली, पाण्यात बुडवलेल्या एका धातूच्या टाकीत बसलेले होते.

बाहुल्यांच्या चित्रपटांविषयी बोलताना ही गोष्ट बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती गंमत वाटत नाही. एका दृश्यासाठी दिग्दर्शक, छायालेखक, बाहुलीकार आणि तंत्रज्ञ यांनी इतका खटाटोप का केला, त्याऐवजी कोणते सोपे मार्ग त्यांच्यापुढे होते आणि ते त्यांनी का स्वीकारले नसावेत, हे नीट पाहिले तर बाहुलीला चित्रपटात जिवंत ठेवण्यासाठी नेमके काय सांभाळावे लागते ते उलगडत जाते. म्हणून या लेखात त्या एका गाण्यावर अधिक थांबलो आहे आणि बाकीची दृश्ये त्याच्या अनुषंगाने घेतली आहेत.

चौकटीतून बाहेर पडताना

कर्मिटचा पहिला अवतार 1955 चा. हेन्सन यांनी आपल्या आईच्या जुन्या कोटाचे कापड घेऊन, पिंगपाँगचा चेंडू कापून त्याच्या दोन अर्धुकांचे डोळे लावून तो तयार केला. त्या काळी दूरचित्रवाणीवर बाहुल्यांचा खेळ दाखवायचा म्हणजे जत्रेतल्यासारखी एक छोटी रंगपेटी उभी करून तिच्यापुढे कॅमेरा लावायचा, अशी सर्वसाधारण पद्धत होती. हेन्सन यांनी ती पेटीच काढून टाकली. दूरचित्रवाणीच्या पडद्याची चौकट हाच आपला रंगमंच, असे त्यांनी ठरवले. चौकटीच्या खालच्या कडेच्या खाली माणूस उभा राहील, हात डोक्यावर धरील, आणि कॅमेऱ्याला काय दिसते आहे ते समोर ठेवलेल्या मॉनिटरवर स्वतः पाहत अभिनय करील.

या मॉनिटरची एक अडचण बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आरशात आपण उजवा हात उजवीकडे नेला की प्रतिमाही त्याच बाजूला सरकते. मॉनिटरवर मात्र कॅमेऱ्याचे दृश्य असते, त्यामुळे बाहुली आपल्या उजवीकडे नेली की चित्रात ती डावीकडे जाते. मपेट कलावंत हे उलटे चित्र वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पाडून घेतात. बाहुलीकडे मान वर करून ते क्वचितच पाहतात. त्यांची नजर सतत मॉनिटरवर असते. मॉनिटर नसेल तर बाहुली कोणाकडे पाहते आहे, तिचा चेहरा चौकटीत आहे की नाही, हे चालवणाऱ्यालाच कळत नाही. पाण्याखालच्या टाकीतही ही गोष्ट लागणारच होती, हे इथे लक्षात ठेवावे.

1976 साली इंग्लंडमधल्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत ‘द मपेट शो’ सुरू झाला. लू ग्रेड या ब्रिटिश दूरचित्रवाणी उद्योजकाने त्याला पाठबळ दिले होते. तिथे सगळे नेपथ्य जमिनीपासून उंचावर बांधलेले असे, म्हणजे कलावंतांना खालून सरळ उभे राहून फिरता येई आणि मानवी पाहुण्यांना उंच फळ्यांवर उभे केले जाई. ही सोय इतकी पक्की बसली होती की त्या शोची बाहुली मोकळ्या जगात, खऱ्या गवतावर, खऱ्या रस्त्यावर आणायची म्हणजे वीस वर्षांत कमावलेला सगळा आधार एकाच वेळी सोडून द्यायचा. तरीही लू ग्रेड यांच्याच कंपनीच्या पैशावर, सुमारे 80 लाख डॉलरच्या अंदाजपत्रकात, हेन्सन यांनी हेच करायचे ठरवले. जॅक बर्न्स आणि जेरी जूल यांनी लिहिलेली पटकथा मुळात प्रवासाची होती. दलदलीत राहणारा बेडूक हॉलिवूडला निघतो आणि वाटेत त्याला एकेक सोबती मिळत जातो. प्रवासाच्या कथेला रस्ता लागतो, आणि रस्त्याला जमीन.

दिग्दर्शनासाठी जेम्स फ्रॉली यांना बोलावले गेले. 1978 च्या वसंत ऋतूत त्यांनी इंग्लंडच्या ग्रामीण भागात एक चाचणी चित्रीकरण केले. हेन्सन आणि त्यांचे सहकारी बाहुलीकार फ्रँक ऑझ यांच्या बाहुल्या मोकळ्या कुरणात, झाडांत आणि मोटारीत नेऊन पाहिल्या. प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर आधी कोणालाच माहीत नव्हते : खऱ्या झाडाशेजारी, खऱ्या उन्हात, फोम आणि लोकरीसारख्या कापडाचा बेडूक खोटा दिसेल का?

तो खोटा दिसला नाही. माझ्या मते याचे मोठे श्रेय मपेट बाहुल्या घडवणारे डॉन साहलिन यांच्याकडे जाते. मपेट बाहुल्यांचे डोळे कुठे बसवायचे, बुबुळे किती जवळ आणायची, नाकाशी त्यांचा त्रिकोण कसा जुळवायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षे घोटून बसवले होते. बुबुळे किंचित आत वळलेली असली की बाहुली शून्यात पाहत नाही. ती कोणाकडे तरी पाहते. ऊन बदलले, मागे खरे डोंगर आले, तरी ही नजर हलत नाही आणि प्रेक्षक तिला धरून राहतो. साहलिन 1978 च्या फेब्रुवारीत वारले. आपल्या बाहुल्या मोकळ्या आभाळाखाली कशा दिसल्या हे त्यांना पाहायला मिळाले नाही, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

पाण्याखाली पाच दिवस

त्या वर्षीच्या जुलैमध्ये चित्रीकरण सुरू झाले. दलदल स्टुडिओच्या आवारात पाण्याच्या हौदात उभी केलेली होती. झाडे, शेवाळ, ओंडका हे सगळे रचलेले असले तरी पाणी खरेच होते, आणि अडचण त्या पाण्याचीच होती.

सोपा मार्ग कोणता, याचा आधी विचार करू. ओंडका काठाला टेकवून, काठाच्या झुडपात माणूस बसवता आला असता. बाहुलीचे चित्र वेगळे घेऊन नंतर पाण्याच्या चित्रावर बसवता आले असते; ते तंत्र त्या काळी उपलब्ध होते. तोंडाची उघडझाप करणारे यंत्र बसवून दूरनियंत्रकाने चालवता आले असते. हेन्सन यांच्या कारखान्यात फ्रांझ फझाकस यांच्यासारखा, रेडिओवर चालणाऱ्या यंत्रणा बाहुल्यांत बसवण्यात निष्णात असलेला माणूस होताच. पहिल्या मार्गाने चौकट आखडली असती, कारण काठाची बाजू कायम झाकून ठेवावी लागली असती आणि भोवताली पाण्याशिवाय काही नसलेला एकटा बेडूक दिसलाच नसता. दुसऱ्या मार्गाने पाण्यावरचा उजेड आणि बेडकावरचा उजेड यांत फट राहण्याचा धोका होता. तिसऱ्या मार्गाने तोंड हलले असते, पण गाणे झाले नसते.

हे शेवटचे वाक्य थोडे उलगडून सांगायला हवे. कर्मिटचे डोके आतून जवळजवळ रिकामे असते. त्यात ताठ साचा नाही, त्यामुळे आतल्या बोटांची हालचाल थेट चेहऱ्यावर उमटते. मूठ किंचित आवळली की ओठ मुडपतात, अंगठा खाली ओढला की जबडा पडतो, बोटे आत वळवली की चेहरा आंबट होतो. कर्मिटला पापण्या नाहीत, भुवया नाहीत. त्याचे सारे भाव या चार बोटांत आणि अंगठ्यात आहेत. पॉल विल्यम्स आणि केनी ॲशर यांनी लिहिलेले ते गाणे मोठ्या आवाजात ठासून म्हणायचे गाणे नाही. ते स्वतःशीच विचार केल्यासारखे आहे, मध्येच थबकणारे, इंद्रधनुष्याविषयी आपल्याला सांगितले गेलेले खरे मानावे का असे विचारणारे. अशा गाण्यात दोन ओळींमधला श्वास महत्त्वाचा असतो आणि तो श्वास हातानेच घ्यावा लागतो.

म्हणून हात तिथे असणे अपरिहार्य ठरले, आणि हात हवा तर माणूस हवा. हेन्सन यांच्यासाठी एक खास धातूची टाकी तयार करण्यात आली. सहा फुटांहून उंच असलेला हा गृहस्थ अंग चोरून तिच्यात बसे. आत हवा पोहोचवणारी नळी होती. वरच्या बाजूने एक रबरी बाही बाहेर निघत असे, तिच्यातून हात वर काढून ओंडक्यावरच्या कर्मिटमध्ये घालायचा, म्हणजे हात वर कोरडा आणि टाकी खाली कोरडी. आत एक छोटा मॉनिटर होता. ही टाकी पाण्यात उतरवून तिच्यावर ओंडका बसवला जाई. कॅथरिन मलेन आणि स्टीव्ह व्हिटमायर हे दोघे कलावंत मदतीला होते. बँजो वाजवणाऱ्या बाहुलीचे काम एका माणसाने भागत नाही, कारण तोंडात एक हात अडकला की उरलेल्या एका हाताने बाहुलीचे दोन्ही हात पुरेसे बारकाईने चालवता येत नाहीत.

हे दृश्य चित्रित व्हायला पाच दिवस लागले. पडद्यावर ते काही मिनिटांचे आहे.

त्या पाच दिवसांचा विचार करताना माझ्या मनात नेहमी एक साधी शारीरिक गोष्ट येते. हात डोक्याच्या वर धरून ठेवला की काही मिनिटांत रक्त उतरते, खांदा भरून येतो, बोटे जड होतात. मपेट कलावंतांना हा त्रास रोजचा आहे, पण स्टुडिओत ‘कट’ म्हटले की हात खाली येतो, माणूस चार पावले चालतो. टाकीतल्या माणसाला ती मुभा नाही. प्रकाश बदलला, पाण्यावर तरंग उठले, कॅमेऱ्याची जागा सरकली की वरची माणसे काम करत राहतात आणि तो खाली वाट पाहत राहतो. एवढे होऊनही बाहुलीच्या चेहऱ्यावर थकवा दिसता कामा नये. गाणे आधी ध्वनिमुद्रित केलेले होते, त्यामुळे आवाज दमण्याचा प्रश्न नव्हता. दमणारी होती ती बोटे, आणि चेहरा त्यांचाच होता.

गाणे संपल्यावर डॉम डेलुईझ यांनी रंगवलेला हॉलिवूडचा एजंट होडी वल्हवत तिथे येतो आणि कर्मिटशी बोलू लागतो. या संभाषणाकडे लोकांचे लक्ष कमी जाते, पण माझ्या मते सगळ्या खटाटोपाचे फळ इथे पदरात पडते. हाडामांसाचा माणूस, खरी होडी, खरे पाणी आणि त्या पाण्यात बसलेला बेडूक एकाच चौकटीत आहेत. एजंट म्हणतो ते ऐकून बेडूक क्षणभर थांबतो, मान जराशी वळवतो आणि मग उत्तर देतो. तो क्षणभराचा थांबा आधी आखून ठेवता येत नाही. समोरच्या नटाने वाक्य कसे टाकले त्यावर तो ठरतो. बेडकाच्या आत जिवंत हात असल्यामुळेच तो शक्य झाला.

पायांचा प्रश्न

दूरचित्रवाणीवरच्या हातमोजा बाहुल्यांना कमरेखाली शरीर असण्याची गरज नसे. चौकटीची कड तिथे संपायची आणि प्रेक्षकही खाली काय आहे असे विचारत नसत. मोकळ्या जागेत तसे चालत नाही, कारण जमीन दिसली की डोळा पाय शोधतोच. म्हणून चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागातच कर्मिट रस्त्यावरून सायकल चालवताना नखशिखांत दाखवला आहे.

इथे हात आत ठेवणे अशक्य होते. पाय असलेली एक वेगळी बाहुली सायकलच्या बैठकीवर बसवली, तिचे पाय पायट्यांना आणि हात मुठींना जोडले, आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा उंचीवर असलेल्या क्रेनवरून दोऱ्यांनी ती सायकल तोलून पुढे नेली. सायकल पुढे जाईल तशी चाके फिरत, चाके फिरतील तसे पाय फिरत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी पिढ्यान् पिढ्या जपलेला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व सांगायला नको. वरून तोलायचे, वजनाला त्याचे काम करू द्यायचे आणि दोरीने फक्त दिशा द्यायची. फरक एवढाच की इथे बाहुलीकाराच्या जागी क्रेन होती.

हे दृश्य कसे जोडले आहे ते लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. दोऱ्यांवरचा कर्मिट फार वेळ पडद्यावर राहत नाही. दूरून सायकल दिसते आणि लगेच जवळून हातावरचा कर्मिट दिसतो. प्रेक्षकाच्या मनात चेहरा हातावरच्या कर्मिटचा आणि पाय दोऱ्यांवरच्या कर्मिटचे, असे दोघांचे मिळून एक शरीर तयार होते. जिथे जिवंत हात नेता येत नाही तिथे निर्जीव हालचाल थोडकी ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना जिवंत हाताचे चित्र लावायचे, हा नियम संपूर्ण चित्रपटभर पाळलेला दिसतो.

मोटारीच्या दृश्यांतही तेच घडले आहे. फॉझी अस्वल 1951 सालची टोकदार नाकाची स्टुडबेकर चालवतो. जवळच्या दृश्यांत हेन्सन, ऑझ आणि त्यांचे सहकारी आसनांच्या खाली, एकमेकांना खेटून, मॉनिटरकडे पाहत पडून असत. दूरच्या दृश्यांत तर मोटार खरोखर धावायला हवी आणि चालवणारा दिसायला नको. त्यासाठी एका ठेंगण्या चालकाला मागच्या डिकीत बसवले गेले, मोटारीच्या नाकाच्या टोकात व्हिडिओ कॅमेरा बसवला आणि डिकीतल्या मॉनिटरवर रस्ता पाहत त्याने गाडी हाकली. बाहुलीकार ज्या रीतीने काम करतो त्याच रीतीने इथे मोटार चालवली गेली, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. त्या चित्रीकरणातली एक स्टुडबेकर आज अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथील स्टुडबेकर संग्रहालयात आहे.

मांडीवरचा बाहुला

चित्रपटात पाहुणे कलाकार पुष्कळ आहेत, बॉब होपपासून ऑर्सन वेल्सपर्यंत. त्यांची यादी देत बसण्याचे कारण नाही. एकाविषयी मात्र लिहायला हवे. एका जत्रेच्या दृश्यात म्हातारे शब्दभ्रमकार एडगर बर्गन आपल्या चार्ली मॅकार्थी या बाहुल्याला घेऊन बसलेले दिसतात. बर्गन यांची कीर्ती रेडिओवर झाली होती. ओठ न हलवता बोलण्याची कला जिथे दिसतच नाही अशा माध्यमात लोकांनी त्यांच्या बाहुल्याला स्वतंत्र व्यक्ती मानले होते. लहानपणी ऐकलेल्या त्या कार्यक्रमाचे ऋण हेन्सन यांनी कायम मानले. हे दृश्य चित्रित झाल्यावर थोड्याच काळाने, 30 सप्टेंबर 1978 रोजी, बर्गन यांचे निधन झाले आणि चित्रपट त्यांना अर्पण करण्यात आला.

मराठी वाचकाला हे नाते परके वाटू नये. यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव घडवला आणि रामदास पाध्ये यांनी तो पुढे नेला. मांडीवरचा बाहुला मालकाला उलट बोलतो आणि सभागृह मालकाऐवजी बाहुल्याकडे पाहून हसते, हे आपल्या कितीतरी पिढ्यांनी अनुभवले आहे. पुढे 1993 च्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्ये यांच्याच तात्या विंचूने मराठी चित्रपटात बाहुल्याला मांडीवरून खाली उतरवून मोकळे फिरायला लावले, तेव्हा इथेही पायांचा प्रश्न उभा राहिलाच असणार. रंगमंचावर बाहुलीकार प्रेक्षकांसमोर बसतो आणि तरीही विसरला जातो. चित्रपटात त्याला विसरायला लावण्यासाठी आधी त्याला दडवावे लागते. दोन्हीकडे बाहुल्याचे बोलणे खरे वाटते ते आवाज आणि हालचाल एकाच माणसाकडून, एकाच क्षणी येतात म्हणून.

खड्ड्यातले 137 जण

शेवटच्या दृश्यात पहिल्या गाण्याचे सूर परत येतात आणि या वेळी गाणारा बेडूक एकटा नाही. स्टुडिओच्या छताला भगदाड पडते, इंद्रधनुष्य आत येते आणि अडीचशेहून अधिक बाहुल्या एकत्र गातात. संगणकाने गर्दी वाढवण्याचा तो काळ नव्हता. जितक्या बाहुल्या दिसतात तितक्या खरोखर तिथे होत्या आणि प्रत्येकीच्या आत कोणाचा तरी हात होता. मपेट कंपनीकडे इतकी माणसे नव्हती म्हणून अमेरिकेतल्या बाहुलीकारांच्या संघटनेतून कलावंत बोलावले गेले. असे 137 बाहुलीकार सहा फूट खोल आणि सतरा फूट रुंद खड्ड्यात दाटीवाटीने उभे राहिले. चित्रीकरणाआधी हेन्सन यांनी त्यांना कॅमेऱ्यासाठी बाहुली चालवण्याचे धडे दिले. फ्रँक ऑझ मिस पिगी या डुकरिणीच्या बाहुलीमध्ये गुंतले असल्याने ग्रोव्हर या त्यांच्या दुसऱ्या बाहुलीला हात दिला तो जॉन लँडिस या चित्रपट दिग्दर्शकाने.

या दृश्यात कोण कोणती बाहुली चालवतो आहे हे पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही. आपली बाहुली तिसऱ्या रांगेत, अर्धी झाकलेली असूनही तिथे आलेल्या माणसांनी तिची मान सुरात डोलवली आहे, तोंड शब्दांवर उघडले आहे. चित्र थांबवून एकेका कोपऱ्याकडे पाहिले तर हे दिसते. पहिल्या दृश्यात एका माणसाने टाकीत बसून जे केले तेच इथे खड्ड्यात उभे राहून 137 जणांनी केले आहे.

चित्रपट चालला, उत्तर अमेरिकेत त्याने साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास मिळकत केली. पहिल्या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि 2009 मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला. पुढचा चित्रपट, 1981 चा ‘द ग्रेट मपेट केपर’, हेन्सन यांनी स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यात ते पायांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळले. या वेळी लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये एकट्या कर्मिटऐवजी सगळी मंडळी सायकलींवर दिसतात. कर्मिट आणि मिस पिगी एकमेकांभोवती वळणे घेत जातात, मागून बाकीचे येतात, आणि त्या सायकली सांभाळणाऱ्यांत हेन्सन यांचा किशोरवयीन मुलगा ब्रायन होता.